बॉबी ऑरचा डावा गुडघा: सहा आठवडे की सहा महिने?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुलगा १५ वर्षांचा, ब्रॅम्प्टनला आइस हॉकी खेळतो, बचावफळीत. डाव्या गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली आहे. सर्जननी दोन वाटा सांगितल्या. फाटलेला भाग दुर्बिणीतून कापून काढला तर साधारण सहा आठवड्यांत पोरगा बर्फावर. टाके घालून गादी शिवली तर पाच-सहा महिने, म्हणजे हंगाम गेलाच. यंदा ओएचएलच्या, म्हणजे ओंटारिओतल्या मोठ्या ज्युनियर हॉकी लीगच्या, निवडीचे वर्ष आहे, त्यामुळे तो सहा आठवड्यांवर अडून बसला आहे. त्याच्या खोलीत १९६०-७० च्या दशकांतला कॅनडाचा नामवंत बचावपटू बॉबी ऑर याचा हवेत झेपावलेला फोटो आहे आणि तो म्हणतो, ऑर याहून वाईट गुडघ्यावर खेळला. त्यावर सांगलीहून आलेल्या आजोबांनी विचारले, "मग तो तिशीत घरी का बसला?"

आजोबांनी नेमके बोट ठेवले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पहिली अकरा वर्षे सांगली-मिरजेकडे कबड्डी आणि कुस्तीच्या पोरांचे गुडघे हाताळले, त्यानंतरची तेरा वर्षे इथे ओंटारिओत हॉकीवाल्या पोरांचे. ऑपरेशन कोणते करायचे हे सर्जनच ठरवणार, आणि मुलाचा एमआरआय मी पाहिलेला नाही. पण ऑरच्या गुडघ्याचे काय झाले हे मी सविस्तर सांगू शकतो. मुलाला ते नीट कळले तर फोटोकडे तो वेगळ्या नजरेने पाहील.

आजोबांसाठी थोडी पार्श्वभूमी. ही आपली ध्यानचंदांची मैदानी हॉकी नव्हे. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फाच्या मैदानावर, भोवती फळ्यांचे कुंपण, पायात तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पात्याचे बूट, आणि रबराची चकती. बचावपटूचे काम पूर्वी सरळ होते: मागे थांब, समोरच्याला अंगाने अडव, चकती मिळाली की पुढच्या खेळाडूकडे दे. गोल करणे हे पुढच्या तिघांचे काम.

ऑरने ही मांडणीच मोडली. २० मार्च १९४८ चा जन्म, गाव पॅरी साउंड, जॉर्जियन बेच्या काठी, टोरंटोच्या उत्तरेला. हिवाळ्यात पाणी गोठते तिथेच खेळून मोठा झालेला. बारा-तेरा वर्षांचा असताना बोस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक संघाच्या माणसांनी त्याला गॅनानोक्वे इथल्या एका स्पर्धेत पाहिले आणि दुसऱ्या कुणाकडे बघायचेच सोडून दिले. चौदाव्या वर्षी तो ओशावा जनरल्स या ज्युनियर संघाकडून एकोणीस-वीस वर्षांच्या बाप्यांविरुद्ध खेळत होता. पहिल्या वर्षी राहायला घरीच. सामन्यापुरते गाडीने ओशावाला जायचे आणि परत यायचे. १९६६ च्या मे महिन्यात मेमोरियल कपच्या, म्हणजे कॅनडातल्या ज्युनियर संघांच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत जांघेची दुखापत असताना तो उतरला. ब्रुइन्सचे व्यवस्थापन नको म्हणत होते, त्याला खेळायचे होते. नुकताच अठरा वर्षांचा झाला होता, पण दुखत असताना उतरायची सवय तेव्हापासूनची आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९६६-६७ चा हंगाम त्याचा एनएचएलमधला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमधला, पहिला. त्या वर्षी ब्रुइन्स सहा संघांत शेवटचे आले आणि ऑर सर्वोत्तम नवोदित ठरला. सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्या वर्षी न्यूयॉर्कच्या हॅरी हॉवेलला मिळाली. तो म्हणाला की मला यंदा मिळाली ते बरे झाले, कारण इथून पुढे ती ऑरचीच असणार. तसेच झाले. १९६८ ते १९७५, सलग आठ वर्षे.

१९६९-७० मध्ये त्याने १२० गुण केले, म्हणजे ३३ गोल आणि ८७ गोलांना हातभार, आणि सगळ्या लीगमध्ये गुणांत पहिला आला. बचावपटूने हे कधीच केले नव्हते. ऑरने १९७४-७५ मध्ये ते पुन्हा केले, आणि त्याच्याखेरीज आजवर दुसऱ्या कुणाही बचावपटूला ते जमलेले नाही. १९७०-७१ मध्ये १३९ गुण. १९८५-८६ मध्ये पॉल कॉफी १३८ पर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याच हंगामातला ऑरचा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो: अधिक १२४. समसमान माणसे बर्फावर असताना तो मैदानात असेल तेव्हा त्याच्या संघाने जितके गोल केले आणि जितके खाल्ले, त्यांतला फरक १२४. हा विक्रमही अजून उभा आहे. १९६७ मध्ये लीग सहाची बारा संघांची झाली होती, प्रतिस्पर्धी काही ठिकाणी कच्चे होते, हे खरे. पण तेच कच्चे प्रतिस्पर्धी बाकीच्यांनाही मिळाले होते.

आता मुलाच्या खोलीतला फोटो. १० मे १९७०, बोस्टन गार्डन, स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम मालिकेतला चौथा सामना. जादा वेळेची ४० सेकंदे झाली होती. डेरेक सँडरसनने पास दिला, ऑरने सेंट लुइसचा गोलरक्षक ग्लेन हॉलच्या मागे चकती टाकली आणि त्याच क्षणी नोएल पिकार्डच्या काठीने त्याचा पाय उचलला गेला. बोस्टनला १९४१ नंतर पहिल्यांदा कप मिळाला. रे लुसिए या छायाचित्रकाराने टिपलेला हा क्षण अर्ध्या कॅनडाच्या भिंतींवर आहे. ऑर तेव्हा २२ वर्षांचा होता. त्या फोटोतल्या डाव्या गुडघ्यावर तोपर्यंत सर्जनची सुरी लागून गेलेली होती. मुलाला फोटोसमोर उभे करून एवढे एक सांगा.

त्याच्या कारकिर्दीचे गोल आणि गुण सगळे सांगतात. मी पोरांना दुसरीच रांग वाचायला देतो, हंगामागणिक तो किती सामने खेळला त्याची. ६१, ४६, ६७, ७६, ७८, ७६, ६३, ७४, ८०. मग १०, मग २०, मग पूर्ण वर्ष शून्य, मग ६. एकूण ६५७. त्याच ब्रुइन्सचा नंतरचा बचावपटू रे बोर्क १६१२ सामने खेळला आणि चाळिशीत निवृत्त झाला. डेट्रॉइटचा निकलस लिडस्ट्रॉम १५६४ खेळून बेचाळिसाव्या वर्षी थांबला. ऑर ८ नोव्हेंबर १९७८ ला थांबला तेव्हा तीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे हॉकीतल्या थोरांच्या मानाच्या दालनात, घेतले. नेहमीची तीन वर्षांची वाट पाहायलाही कुणी तयार नव्हते.

पण त्या रांगेत सगळ्यात फसवा आकडा आहे तो ८०. १९७४-७५ मध्ये तो एकही सामना चुकला नाही. ४६ गोल, १३५ गुण. बघणाऱ्या कुणालाही वाटले असते की गुडघा बरा झाला. आणि पुढच्या सप्टेंबरात गुडघा उघडावा लागला, नोव्हेंबरात तो परतला, दहा सामन्यांत १८ गुण केले, आणि महिनाअखेर पुन्हा ऑपरेशन. ब्रुइन्ससाठी तो त्यानंतर कधीच खेळला नाही. गुणफलक गुडघ्याची तब्येत सांगत नाही. तुमच्या मुलाने सहा आठवड्यांनी उतरून पहिल्या सामन्यात दोन गोल केले, तर प्रशिक्षक म्हणतील पोरगा पूर्ववत झाला. त्या गोलांवरून आत काय चालले आहे ते मला काडीचेही कळणार नाही.

आत काय चालते ते आता सांगतो.

मांडीच्या हाडाचे खालचे टोक गोल असते आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग जवळजवळ सपाट. गोल बुडाची कळशी तशीच फरशीवर ठेवली तर एका ठिपक्यावर टेकते आणि डुगडुगते. खाली चुंबळ ठेवली की भार पसरतो आणि कळशी बसते. मेनिस्कस ही गुडघ्यातली चुंबळ. प्रत्येक गुडघ्यात दोन, आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक. गुडघ्यावर येणारा निम्म्याहून अधिक भार या दोन गाद्या झेलतात, आणि गुडघा जितका वाकलेला तितका त्यांचा वाटा वाढतो. ती पूर्ण काढली तर हाडांची टेकण्याची जागा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, म्हणजे उरलेल्या जागेवर दाब दुपटीहून अधिक. हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, ज्याला आपल्याकडे लोक 'वंगण' म्हणतात, तो या दाबाने वर्षागणिक झिजतो. तो थर पुन्हा पहिल्यासारखा उगवत नाही.

आता ऑर कसा खेळायचा ते पाहा. स्केटिंग म्हणजे गुडघे वाकवून बसल्यासारखे पळणे. पाय मागे ढकलायचा नसतो, बाजूला ढकलायचा असतो, आणि प्रत्येक ढकलण्यात गुडघ्याला पीळ बसतो. बाकीचे बचावपटू मागे थांबत तेव्हा हा आपल्या गोलपासून समोरच्या गोलपर्यंत चकती घेऊन जायचा, अर्धवर्तुळ मारून परत यायचा, संघाला एक माणूस कमी असताना मिनिटभर एकटा चकती खेळवत राहायचा. अशा माणसाला अडवायचा उपाय एकच, धावता धावता त्याच्या अंगावर जाणे. तो वेगात आहे, गुडघा वाकलेला आहे, पात्याची कड बर्फात रुतलेली आहे आणि बाजूने धडक येते. पाऊल जागेवर, शरीर पुढे. हॉकीत गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, सर्वांत जास्त दुखावतो तो यामुळेच. कबड्डीत चढाईवाल्याचा घोटा पकडला आणि त्याने अंग मध्यरेषेकडे फेकले की गुडघ्यात जे होते त्याचाच हा भाऊबंद. सांगलीत मी जे गुडघे पाहिले आणि मिसिसागात जे पाहतो, त्यांत बर्फ सोडला तर फरक थोडा आहे.

डाव्या गुडघ्याला पहिला मोठा मार त्याला पहिल्याच हंगामात, डिसेंबर १९६६ मध्ये बसला. त्यात नऊ सामने गेले. पुढच्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनी सामन्यात उजवा गुडघा गेला. १९६७-६८ मध्ये खांदा, मग पुन्हा डावा गुडघा आणि ऑपरेशन. म्हणून तिथे ४६ चा आकडा आहे. त्या ४६ सामन्यांवर त्याला पहिली नॉरिस ट्रॉफी मिळाली. विसाव्या वर्षाच्या आत गुडघ्याचा पाया खचू लागला होता, आणि लोकांच्या हातात मात्र ट्रॉफी होती.

त्या काळच्या सर्जनना दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते त्या वेळच्या उत्तम पद्धतीनेच काम करत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लँड-सटन नावाच्या इंग्लिश शल्यविशारदाने मेनिस्कस म्हणजे पायातल्या जुन्या स्नायूचे निरुपयोगी अवशेष असे लिहून ठेवले, आणि ही समजूत वैद्यकात पिढ्यान्‌पिढ्या टिकली. निरुपयोगी वस्तू फाटली तर काढून टाकायची. गुडघा उघडायचा आणि गादी जमेल तेवढी सगळी काढायची, हीच १९६० च्या दशकातली शिकवण. आश्चर्य हे की एडिनबरोच्या थॉमस अ‍ॅनंडेलने १८८३ मध्येच फाटलेला मेनिस्कस शिवून दाखवला होता. ते कुणी उचलले नाही.

१९४८ मध्ये, म्हणजे ऑरच्या जन्माच्याच वर्षी, फेअरबँक या ब्रिटिश डॉक्टरने गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे एकत्र ठेवून पाहिले. सांध्यातली फट अरुंद झालेली, मांडीच्या हाडाचे गोल टोक चपटे झालेले, कडेला हाडाचा कंगोरा उगवलेला. गादीला काम आहे आणि ती काढल्याची किंमत सांधा मोजतो, याचा तो पुरावा होता. कागदावर आलेली गोष्ट ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचायला मात्र वीस-पंचवीस वर्षे लागली, आणि ऑरची सगळी कारकीर्द त्या वीस-पंचवीस वर्षांत बसते.

दुर्बिणीची गोष्ट तर अजून हळहळ लावणारी आहे. टोकियोच्या मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये गुडघा न उघडता दुर्बिणीतून मेनिस्कसचा फक्त फाटलेला भाग काढला. १९६४ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने टोरंटोचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोला गेले, वातानाबेंकडे शिकले आणि ती विद्या टोरंटोला घेऊन आले. म्हणजे ऑर ओशावात खेळत होता तेव्हा, तासाभराच्या अंतरावर, गुडघ्यात डोकावण्याची युक्ती येऊन पोचली होती. पण तिचा मुख्य उपयोग आधी बघण्यापुरता झाला. दुर्बिणीतून ऑपरेशन रुळले १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि एमआरआय आला १९८० च्या दशकात. ऑरच्या गुडघ्यावर डझनाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या असे सांगितले जाते. सुरुवातीला गादी काढली, नंतर झिजलेल्या हाडाचे सुटे तुकडे आणि वाढलेल्या कडा काढत गेले. प्रत्येक वेळी सांधा उघडायचा, प्रत्येक वेळी मांडीचा स्नायू वाळायचा. शेवटी हाडावर हाड घासत होते.

ज्या वाटेवर ऑरला दुसरा पर्यायच नव्हता, ती वाट तुमचा मुलगा आज पर्याय हातात असताना मागतो आहे. एवढेच मला त्याला सांगायचे आहे. बाकीचे सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उत्तर अप्रामाणिक होईल. आज ऑर असता तर पूर्ण वाचला असता का? मला खात्री नाही. लिगामेंट ताणले गेलेलेच असते. त्याच्या खेळात धडका होत्याच आणि तो खेळ त्याने बदलला नसता. पण पहिल्या दोन दुखापतींत गादी वाचवली असती आणि पुरेसा वेळ दिला असता, तर तीस हे वय शेवटचे ठरले नसते असे मला माझ्या अनुभवावरून वाटते.

वेळ देणे हे ऑपरेशनइतकेच महत्त्वाचे. गुडघ्यात पाणी भरले की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, पूर्ण आवळू देत नाही. वेदना नसली तरी हे होते. पोरगा म्हणतो "दुखत नाही", आणि खरेच दुखत नसते. पण स्नायू अर्धवट चालत असतो आणि धडकेचा सगळा भार सांध्यावर जातो. सुजलेल्या गुडघ्यावर खेळणे म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्नायूशिवाय खेळणे.

माझ्या हातून हे एकदा घडले आहे. नोकरीला तीन वर्षे झाली होती. सतरा वर्षांचा कबड्डीपटू, चढाईत फार चपळ. गुडघ्याला थोडी सूज होती. जिल्ह्याची निवड आठवड्यावर होती, घरचे आणि प्रशिक्षक दोघेही मागे लागले होते, आणि मी पट्टी बांधून "खेळ" म्हणालो. निवड झाली. दीड महिन्यांनी तोच गुडघा अडकला, सरळच होईना. गादीचा मोठा तुकडा उलटून सांध्यात बसला होता आणि तो शिवण्याजोगा राहिला नव्हता. जवळजवळ सगळी गादी काढावी लागली. नंतर पोलीस भरतीच्या धावण्यात त्याला त्रास झाला, आणि मी शेवटचा भेटलो तेव्हा तिशी ओलांडलेल्या त्या माणसाचा पाय गुडघ्यात बाहेर वाकू लागला होता. त्याने मला कधी बोल लावला नाही. त्या दिवसापासून सुजलेल्या गुडघ्याला मी होकार दिलेला नाही, मग समोर कुणीही असो.

ऑरला होकार देणारे पुष्कळ होते, आणि पहिला होकार त्याचा स्वतःचा असायचा. १९७२ च्या मे महिन्यात त्याने बोस्टनला दुसरा कप मिळवून दिला, निर्णायक गोलही त्याचाच. लगेच डाव्या गुडघ्यावर ऑपरेशन. सप्टेंबरात कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांची आठ सामन्यांची मालिका होती, ज्याबद्दल इथली जुनी माणसे अजून डोळ्यांत पाणी आणून बोलतात. ऑर संघाबरोबर होता, सराव करून पाहिला, गुडघा सुजला. मॉस्कोपर्यंत गेला पण एकही सामना खेळू शकला नाही. कॅनडाचा सर्वांत मोठा खेळाडू कॅनडाच्या सर्वांत मोठ्या मालिकेत बसून राहिला.

म्हणूनच १९७६ चा कॅनडा कप, म्हणजे देशोदेशीच्या संघांची स्पर्धा, त्याने सोडला नाही. गुडघ्याची अवस्था सगळ्यांना ठाऊक होती. संघातल्या सहकाऱ्यांनी नंतर सांगितले की सकाळी तो धड चालू शकत नसे आणि रात्री मैदानात सर्वांत चांगला तोच असे. सात सामन्यांत नऊ गुण, आणि संपूर्ण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. या गोष्टीने माझे मन दोन बाजूंना ओढले जाते. देशासाठी एकदा तरी खेळायचे हे त्याचे स्वप्न होते आणि ते त्याने पुरे केले. तो २८ वर्षांचा जाणता माणूस होता, किंमत त्याला कळत होती. कुणी ते चूक म्हटले तर मी मान डोलावणार नाही. पण गुडघ्यात जे काही उरले होते ते बहुतेक त्या सात सामन्यांत गेले.

तुमच्या मुलाचे वाक्य, ऑर याहून वाईट गुडघ्यावर खेळला, हे बहुधा याच स्पर्धेच्या आठवणींतून आलेले असते. ते खरे आहे. त्यानंतर शिकागोसाठी तो तीन वर्षांत एकूण २६ सामने खेळू शकला, हेही तितकेच खरे आहे.

शिकागोला तो कसा गेला याची कथा मोठी आहे, मी थोडक्यात आटोपतो. त्याचा सल्लागार अ‍ॅलन ईगलसन याच्यावर त्याचा भावासारखा विश्वास होता. ब्रुइन्सनी संघाच्या मालकीत साडेअठरा टक्क्यांच्या आसपास वाटा देऊ केला होता, आणि ऑरच्या म्हणण्याप्रमाणे ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचूच दिली नाही. पुढे १९९८ मध्ये ईगलसनने इतर प्रकरणांतले फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि तो तुरुंगात गेला. निवृत्तीनंतर ऑरच्या हाती पैसा जवळजवळ उरला नव्हता. हे मी यासाठी सांगतो की दुखापत झालेल्या खेळाडूभोवती सल्ले देणारे पुष्कळ जमतात आणि प्रत्येकाचे हित त्याच्या गुडघ्याशी जोडलेले नसते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते हित पाहणारे तुम्ही दोघे आणि आजोबा.

आता तुमच्या निर्णयाकडे. आजचे दुर्बिणीतून कापणे म्हणजे ऑरचे ऑपरेशन नव्हे. आज फक्त फाटलेला भाग काढतात, गादीची कड शक्य तेवढी राखतात. काही फाटी शिवण्याजोग्या नसतातच, तिथे कापणेच योग्य. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आत जाऊ तसा तो संपतो. कडेजवळची उभी फाट शिवली तर जुळते. मुलांमध्ये हा रक्तपुरवठा मोठ्यांपेक्षा बरा असतो, म्हणून पंधराव्या वर्षी शिवण्याची संधी असेल तर ती घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. सर्जननी टाक्यांचा पर्याय आपणहून पुढे ठेवला आहे, याचा अर्थ फाट शिवण्याजोगी असावी असे त्यांना वाटते. अंतिम उत्तर दुर्बीण आत गेल्यावरच मिळते, म्हणून त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा: "शिवता येत असेल तर शिवाच, हंगामाचा विचार करू नका." हे वाक्य ऑपरेशनच्या आधी त्यांच्या कानावर गेलेले असले पाहिजे.

टाके हा हमखास उपाय नाही. साधारण चार-पाच जणांत एकाला ते पुढे कधीतरी सुटतात आणि पुन्हा ऑपरेशन लागते. मुलाला हे लपवू नका. मी पोरांना सांगतो की टाके सुटले तर कापण्याची वाट तेव्हाही उघडी असते, पण एकदा कापलेली गादी परत शिवता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला हे एका क्षणात कळते.

सहा महिने तो रिकामा बसणार नाही. पहिले चार ते सहा आठवडे ब्रेस, कुबड्या, गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही. पण मांडी आवळणे पहिल्या दिवसापासून. मग सायकल, मग पायऱ्या, मग एका पायावर वजन. हॉकीवाल्यांना मी एक वेगळा इशारा देतो: खोल वाकून बसणे आणि पिळासकट उठणे हे सगळ्यात शेवटी येते, आणि स्केटिंग नेमके तेच आहे. म्हणून धावता यायला लागले तरी बर्फ अजून लांब असतो. इथे पोरे कंटाळतात, चोरून रिंकवर जातात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याच्याकडे लक्ष असू द्या. हात, खांदे, नजर, चकती हाताळणे याचा सराव मात्र खुर्चीत बसूनही होतो. तळघरात एक जाळी लावून द्या.

परत कधी उतरायचे हे दिनदर्शिकेवरून ठरवू देऊ नका. गुडघा पूर्ण वाकतो आणि पूर्ण सरळ होतो का, व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नाही ना, डाव्या मांडीची ताकद उजवीच्या निदान ९० टक्के आहे का, एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत पडत नाही ना. ताकद हाताने दाबून अंदाजाने सांगू नका म्हणावे, यंत्रावर मोजा. आणि आधी धडकांशिवायचा सराव, मग धडकांसह सराव, मग सामना.

ओएचएलच्या निवडीबद्दल मी खोटा दिलासा देणार नाही. हे वर्ष गेले तर नुकसान आहे, आणि मुलाचे दुःख खरे आहे. त्याला ते दुःख करू द्या. पण त्याचे आधीच्या दोन हंगामांचे सामने पाहणाऱ्यांनी पाहिलेले आहेत, निवड चुकलेल्या खेळाडूंना संघ नंतर बोलावतात, आणि अठराव्या वर्षी त्याच्याकडे पूर्ण गादी असलेला गुडघा असेल तर त्याच्यापुढे विद्यापीठाच्या हॉकीसकट बऱ्याच वाटा असतील.

गुरुवारी सर्जनना भेटाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. फाट कडेपासून किती आत आहे आणि उभी आहे की आडवी? गुडघ्याच्या मधोमध असलेला क्रूशिएट लिगामेंट शाबूत आहे ना? आणि कापावेच लागले तर गादीचा किती हिस्सा जाईल? मुलाला बरोबर घेऊन जा, प्रश्न त्यालाच विचारू द्या, आणि एमआरआयचे चित्र त्याला पडद्यावर दाखवायला सांगा. तोवर रोज दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे बर्फ, पाय उशीवर, आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायचे दहा-दहाचे तीन फेरे. गुडघा अडकला आणि सरळ होईना, तर गुरुवारची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा.